सरळ बोलणारं घर

तुमच्या घरातल्या पोराला तुम्ही शेवटचा टोमणा कधी मारलात? काल? आज सकाळी? ‘झोपा, झोपा, दुपारपर्यंत झोपा,’ असं काहीतरी म्हणाला असाल आणि पोर पांघरूण फेकून उठलं असेल. मग मला एवढं सांगा, तुम्ही म्हणालात ‘झोपा’ आणि ते उठलं कसं?

तुमचा शब्द एक सांगत होता आणि आवाजाची चाल दुसरंच सांगत होती. पोरानं शब्द बाजूला टाकला आणि चाल उचलली. हे त्याला कुणी बसवून शिकवलेलं नसतं, कानावर पडून पडून येतं. आता असं पोर डोळ्यांसमोर आणा, ज्याच्यापर्यंत शब्द पोचतो आणि चाल पोचत नाही. ते झोपून राहील. आणि तुम्ही त्याला कोडगं म्हणाल.

अशाच एका पोरीच्या आईची ही गोष्ट. सांगताना मला अजून राग येतो, काही माणसांचा आणि बराचसा स्वतःचा. तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

बस आगारात तिला सगळे घोषणाबाई म्हणतात. फलाटाच्या टोकाला काचेची केबिन आहे, न्हाणीघराएवढी. आत एक खुर्ची, एक बुटकं स्टूल, गाड्यांचा तक्ता, काळा स्पंज चढवलेला माइक आणि उजव्या हाताला दोन बटणं. पहिलं दाबलं की घंटा खालून वर चढते, टाँग-टिंग: गाडी येतेय. दुसरं दाबलं की वरून खाली उतरते, टिंग-टाँग: गाडी सुटतेय. पुढची घोषणा कुणी ऐको न ऐको, चढती घंटा वाजली की कुणाला घ्यायला आलेली माणसं माना वर करतात आणि उतरती वाजली की जाणारी माणसं पिशव्या उचलतात. कशामुळे उचलल्या विचारा, त्यांना सांगता येणार नाही.

पंधरा वर्षं ती त्या खुर्चीत बसते. नोकरीला लागली तेव्हा भारी नकलाकार होती म्हणे. आगारप्रमुख, तिकीट तपासनीस, रोज तीच चौकशी करणारा म्हातारा, सगळ्यांचे आवाज काढायची आणि कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाभोवती गर्दी व्हायची. एकदा काचेबाहेरून एका ड्रायव्हरनं तोंड वेडंवाकडं केलं आणि ही घोषणेच्या मधोमध फिसकन हसली. सगळ्या आगारानं ते हसू ऐकलं. वाहतूक नियंत्रकानं तिला बोलावून घेतलं आणि तो एवढंच म्हणाला, "माइकसमोर माणूस नसतो, सूचना असते."

हे वाक्य तिच्या मनात असं बसलं की विचारू नका. तेव्हापासून तिचा माइकवरचा आवाज इस्त्री केल्यासारखा. चढ नाही, उतार नाही, एक सुरकुती नाही. प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ. ब्रेक न लागून दोन गाड्या घासल्या तरी तिच्या आवाजावरून कळायचं नाही. फक्त हात बोलायचे. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी ती बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. पंधरा वर्षांत तीन पट्ट्या विरल्या तिनं.

तिला एकच लेक. चौदा महिन्यांची असताना कळलं की तिला ऐकू येत नाही. अडीच वर्षांची असताना ऑपरेशन झालं. कानाच्या आत बारीक तारांची जुडी बसवली, कानामागे यंत्र आलं आणि केसांत लोहचुंबकानं चिकटणारी एक गोल चकती आली. त्या चकतीवरून वर्गातली मुलं तिला ‘बटण’ म्हणतात. आईला हे नाव अजिबात खपत नाही. पोरीला चालतं. तिचं म्हणणं, आगारात बटणाशिवाय एक गाडी हलत नाही.

ऑपरेशननंतर बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी आईला सांगितलं, घरात स्पष्ट बोला. घोषणाबाईला स्पष्ट म्हणजे काय ते जितकं माहीत होतं तितकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? तिनं केबिनमधला आवाज घरी नेला. घराला नियम लावला: सरळ बोलायचं. हेल काढायचा नाही, ओरडायचं नाही, उलटसुलट काही बोलायचं नाही. नवरा त्याच आगारात टायर विभागात आहे. तो मुळातच दिवसाला वीस वाक्यं बोलणारा, त्याला काही फरक पडला नाही. पंचाईत झाली सासूबाईंची.

सासूबाईंचं निम्मं बोलणं उलटं असायचं. लांबलेल्या पाहुण्याला त्या ‘बसा की, गादीच घालते’ म्हणायच्या आणि पाहुणा चपला शोधायला लागायचा. अशा बाईच्या तोंडाला सुनेनं कुलूप घातलं. नातीसाठी त्यांनी ते मानलं, पण सुखासुखी नाही. पुढे मला म्हणाल्या, "साडेपाच वर्षं मी या घरात सूचनाफलकासारखी राहिले. ‘भात झाला आहे. जेवायला या.’ एवढंच. माझी जीभ आंबली."

आणि फळ दिसलं हो. पोरगी पाचव्या वर्षी सुटसुटीत बोलायला लागली. बोलणं आईसारखंच, सगळे शब्द एका ओळीत इस्त्री करून ठेवलेले. आठव्या वर्षी, तिसरीत असताना, शब्द ओळखण्याच्या चाचणीत शंभरात शहाण्णव. पडद्यामागून शब्द टाकायचा आणि तिनं तो परत म्हणायचा, चार चुकले फक्त.

झेरॉक्सच्या दुकानावर आमची एक खोली आहे. कानाला यंत्र लावणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी मी ती चालवते. माझं शिक्षण विचारू नका, पण कानाच्या चाचणीचा कागद मी टेबलाच्या पलीकडून उलटासुद्धा वाचून दाखवते आणि साहेबाचा घाम काढते. त्या शहाण्णवचं मी काय केलं असेल? भिंतीवर लावलं. दर बैठकीत सांगितलं, घोषणाबाईसारखं बोला. अकरा आया मी तिच्या केबिनमध्ये धाडल्या तो आवाज शिकायला. हे लक्षात ठेवा, कारण याचा हिशेब मला पुढे द्यावा लागला.

मग तो मंगळवार आला. चित्रकलेच्या तासाला पोरीनं वहीचं एक पान टरकावलं, शेजारणीला द्यायला. वर्गबाई फळ्यावर लिहीत होत्या. पन्नास पोरांचा वर्ग, शेवटचा तास, आवाज ऐकून त्यांचं डोकं फिरलं. त्या म्हणाल्या, फाड, फाड, अजून फाड, सगळी वही फाड.

पोरीनं सगळी वही फाडली. शांतपणे, एकेक पान, कडेनं नीट. गठ्ठा केला, कडा जुळवल्या आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. वर विचारलं, पुठ्ठापण फाडू का?

वर्ग खदाखदा हसला. बाईंना वाटलं, पोरगी आपली टर उडवतेय. आणि हे पहिलंच नव्हतं. ‘हसा, हसा’ म्हटलं की ती हसायची. ‘या महाराणी, या’ म्हटलं की ती खूश होऊन यायची. बाईंनी वर्षभराची यादीच काढली. शाळेनं पत्र धाडलं: मुलीचं वर्तन उद्धट आहे, सूचनांना ती मुद्दाम विरुद्ध प्रतिसाद देते, सबब तिला खास वर्गात हलवण्याबाबत निर्णय घेण्यासाठी पुढच्या गुरुवारी अकरा वाजता हजर राहावं.

तो खास वर्ग मी पाहिलेला आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून सव्वा तास. सहा वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पोरं एकाच खोलीत आणि एकच मास्तर. तिसरीतली पोरगी तिथे गेली की परत पहिलीच्या पुस्तकाला लागणार. आणि ती शेजारीण सुटणार, जिला पान द्यायचं होतं. एकदा गेलेलं पोर तिथून परत आलेलं मी बघितलेलं नाही.

घोषणाबाई पत्र घेऊन माझ्याकडे आली ती बसलीच नाही. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली. आवाज मात्र तसाच सरळ. जणू शाळेची गाडी अर्धा तास उशिरानं धावतेय. म्हणाली, माझी मुलगी उद्धट नाही. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे, आपल्याला कागदावर दाखवायचंय. कागदाला कागद लावायचा, हे मी वीस वर्षं करत आलेय. शहाण्णवचा दाखला, यंत्राचा अहवाल, प्रगतिपुस्तक, सगळ्याची फाइल करू आणि तोंडावर मारू. नऊ दिवस हातात होते.

तिसऱ्या दिवशी मी सह्या घ्यायला आगारात गेले. पोरगी शाळेतून येऊन केबिनमध्ये स्टुलावर बसली होती, दप्तर मांडीवर, खाली मान घालून लिहीत होती. आईनं बटण दाबलं, घंटा झाली. मी आपली गंमत म्हणून पोरीला विचारलं, काय गं, येतेय की सुटतेय? तिनं मान वर केली, आईच्या बोटाकडे बघितलं, मग बाहेर फलाटाकडे बघितलं आणि म्हणाली, "येतेय."

बरोबर होतं. आईनं माझ्याकडे बघून मान डोलावली. पण मला ती नजर खटकली. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरावर जाते तशी नजर होती ती. मी रस्त्यावर वाढलेली बाई आहे, नजर कुठे जाते ते मी आधी बघते, तोंड काय बोलतं ते नंतर.

मी म्हटलं, हिचं स्टूल भिंतीकडे फिरव. आई चिडली. तिचं चिडणं बोटांत दिसलं, पट्टी चार वेढे गुंडाळली गेली. पण तिनं स्टूल फिरवलं, बाहेरचे भोंगे बंद केले, आतला छोटा स्पीकर चालू ठेवला आणि घंटा वाजवली. येतेय की सुटतेय? परत वाजवली. परत. दहा वेळा.

पाच बरोबर, पाच चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

त्या केबिनमध्ये ती पोरगी पाच वर्षं रोज दुपारी बसत होती. एका दुपारी शंभरेक घंटा. आईनं कधी विचारलं नाही, कारण उत्तर नेहमी बरोबर यायचं.

आई उठून उभी राहिली. मग बसली. मग परत उठली. पोरगी भिंतीकडे तोंड करून विचारत होती, अजून वाजवणार आहेस का. बाहेर तीन दहाची गाडी घोषणेशिवाय सुटली, पंधरा वर्षांत पहिल्यांदा. लोक काचेवर थापा मारायला लागले. घोषणाबाईला ते दिसत होतं आणि दिसत नव्हतं. ती मला म्हणाली, "ताई, हिला माझ्या सूचना कळतात. मी नाही कळत."

दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे गेलो. तरुण पोरगा आहे, वाईट नाही. त्यानं यंत्र तपासलं, सगळं व्यवस्थित. मग समजावून सांगितलं. चांगल्या कानात आवाजाचा चढ-उतार ओळखायला हजारो बारीक पेशी असतात, यंत्र ते काम वीस-बावीस ठिकाणांवरून भागवतं. शब्द ओळखायला तेवढं पुरतं. सूर कुठे चढला, कुठे उतरला, हे ओळखायला कमी पडतं. मला ते माझ्या भाषेत कळलं: आमच्या खालच्या दुकानात रंगीत फोटोची काळी-पांढरी झेरॉक्स काढतात ना, तसं. कोण उभं आहे ते दिसतं, कपडे कुठल्या रंगाचे ते नाही. काही पोरांना बरंच कळतं, काहींना फार थोडं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं हे तपासलं का नाही? तो म्हणाला, फॉर्मवर तसा रकाना नाही. यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

घोषणाबाईनं मात्र दुसराच प्रश्न विचारला. तिनं विचारलं, मी घरात सरळ आवाजात बोलते, ते बरोबर ना? तज्ज्ञ थोडा चाचरला. मग म्हणाला, खरं तर उलट हवं. ज्याला चढ-उतार कमी पोचतात त्याच्यापुढे ते जास्त ठेवायचे, घोळून घोळून, गाऊन, नकला करून. मग पोर त्याच्याजवळ जे आहे त्यातून काही ना काही खूण शोधतं.

नकला करून, हा शब्द त्यानं सहज वापरला. त्याला काय माहीत.

तिथून तिचं घर सहा थांबे लांब. तिनं बस घेतली नाही. मी मागे मागे, ती पुढे, भराभर. एका चौकात थांबली आणि म्हणाली, माझ्याजवळ होतं की ते सगळं. मीच बंद केलं. मग परत चालायला लागली. तिनं एका घरात बंद केलं होतं, मी अकरा घरांत.

घरी पोचल्या पोचल्या तिनं सासूबाईंना सांगितलं की आजपासून नियम उठला. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"म्हणजे मी बोलू?"

"बोला."

"मला पाहिजे तसं?"

"तुम्हाला पाहिजे तसं. आणि हिच्याशी जास्त."

सासूबाईंनी घसा साफ केला, सुनेकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "वा, वा. फारच लवकर सुचलं सूनबाईंना." साडेपाच वर्षांचं साचलेलं होतं, पहिलाच घाव वर्मी बसला. नवरा टायरचे हात धुता धुता हसला, आणि घोषणाबाईसुद्धा हसली. पोरगी तिघांकडे बघत राहिली. तिला वाटलं, आजीनं आईला शाबासकी दिली.

उरलेल्या पाच दिवसांत त्या घरात शाळा भरली. आजी खोलीच्या एका कोपऱ्यात, नात पाठ करून दुसऱ्या कोपऱ्यात. आजीनं एक वाक्य टाकायचं आणि नातीनं सांगायचं, खरं की टोमणा. मी दोनदा जाऊन बसले. खरं सांगते, त्या म्हातारीनं दोन दिवसांत जे शोधलं ते त्या फॉर्मवाल्यांना जमलं नव्हतं. तिच्या ध्यानात आलं की ओढून मारलेला टोमणा पोर पकडते. ‘फाऽऽरच शहाणी’ म्हटलं की लगेच ‘टोमणा.’ पण आवाज नुसता वर चढवून मारला, लांबवला नाही, की चुकते. म्हणजे लांबी पोचत होती, उंची पोचत नव्हती. आणि तोंड समोर असलं तर दहात नऊ बरोबर. भुवई, ओठाचा कोपरा, नाकपुडी, सगळं वाचत होती ती. पाठ केली की पाच, कधी सहा.

आई बसून राहायची नाही. मध्येच उठून आगारप्रमुखाची नक्कल करायची, मग चौकशीवाल्या म्हाताऱ्याची. आवाज गंजला होता, चढताना फाटायचा. परत करायची. पोरगी आधी घाबरली, तिला वाटलं आईला काहीतरी होतंय. मग आईच्या गळ्याला हात लावून बघायला लागली. बुधवारी आगारात ‘गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे’ म्हणताना हिचा आवाज शेवटाला आपोआप वर गेला आणि निम्म्या फलाटानं केबिनकडे बघितलं. नियंत्रकानं विचारलं, आज काय गायनाचा कार्यक्रम आहे का? तिला तो टोमणाही गोड वाटला.

पण पाच दिवसांत असं किती होणार? गुरुवार डोक्यावर होता. मी तिला बजावलं, हे घंटेचं आणि टोमण्यांचं तिथे अवाक्षर काढायचं नाही. ऐकू येत नाही असं आपल्याच तोंडानं कबूल केलं की झालं, लगेच खास वर्गाचा कागद पुढे करतील. शहाण्णव, फक्त शहाण्णव. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पट्टी गुंडाळत राहिली.

मुख्याध्यापकबाईंची खोली. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे. एका बाजूला मुख्याध्यापकबाई, वर्गबाई आणि शिक्षण खात्याचे निरीक्षक, समोर बदलीचा फॉर्म, फक्त सही राहिलेला. दुसऱ्या बाजूला घोषणाबाई, मी आणि मध्ये पोरगी, पाय खुर्चीवरून लोंबकळत. नवरा आणि सासूबाई बाहेर बाकावर.

मी फाइल उघडली आणि सुरू झाले. ऑपरेशनपासून शहाण्णवपर्यंत. एक शब्द अडखळले नाही. निरीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दाखला हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "शंभरातले शहाण्णव शब्द कळतात. मग हा उद्धटपणाच झाला की."

वीस वर्षांत पहिल्यांदा मी उघडलेली फाइल मिटली. माझाच कागद त्यांनी माझ्या तोंडावर मारला होता, आणि हिशेब चोख होता. ज्याला ऐकू येतं आणि तरी जो उलटं वागतो, तो उद्धट. मीच सिद्ध करून दिलं.

घोषणाबाई उठली. निरीक्षकांचा हात फॉर्मकडे निघाला होता. तिनं पोरीची खुर्ची उचलली, पोरीसकट, आणि भिंतीकडे फिरवून ठेवली. मग वर्गबाईंना म्हणाली, त्या दिवशी जे म्हणालात ते तसंच परत म्हणा.

वर्गबाई अवघडल्या. मुख्याध्यापकबाईंनी मानेनं खूण केली. वर्गबाईंनी घसा खाकरला. पण तो राग खरा होता, अजून गेलेला नव्हता, आणि तो आवाजात आला: फाड, फाड, अजून फाड, सगळी वही फाड.

"बाई काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"सगळी वही फाड म्हणाल्या."

"कशा म्हणाल्या? खरंच, की रागावून?"

पोरगी भिंतीकडे बघत विचार करत होती. मी मनातल्या मनात तिला उत्तर सांगत होते. ती म्हणाली, "खरंच."

आईनं खुर्ची परत फिरवली. पोरीचं तोंड बाईंच्या समोर आणलं आणि म्हणाली, आता परत. या वेळी बाईंचा आवाज निम्म्यावर आला होता, पण कपाळावरची आठी तीच होती. पोरीनं त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि लगेच म्हणाली, "रागावून. हे खोटं फाड आहे." मग थोडं थांबून, समजावल्यासारखं म्हणाली, "त्या दिवशी बाई फळ्याकडे बघत होत्या."

मी म्हटलं ना, मी माणसांच्या नजरा बघते. वर्गबाईंची नजर आधी खाली गेली, मग त्या यादीकडे गेली, वर्षभराच्या. हसा हसा. या महाराणी. एकेक ओळ वाचत होत्या. मग त्यांनी ती यादी उलटी करून ठेवली. म्हणाल्या, मी लिहिता लिहिता बोलते, सवय आहे. पन्नास जण असतात.

घोषणाबाईनं बाकीचं सांगितलं, घंटेपासून. मी अवाक्षर काढू नको म्हटलेलं सगळं काढलं. आणि हेही सांगितलं की यात चूक शाळेची एकटीची नाही, माझ्या घरात टोमणा बंद होता, तिनं तो ओळखावा कुठून? हे बोलताना तिचा आवाज सरळ नव्हता. चढला, फाटला, खाली आला. पंधरा वर्षांची इस्त्री मोडली आणि निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

सगळं जिंकलो असं समजू नका. निरीक्षकांनी फॉर्म फाडला नाही. त्यावर ‘निर्णय वार्षिक परीक्षेपर्यंत स्थगित, दर महिन्याला अहवाल’ असं लिहिलं आणि तो फाइलीत ठेवायला घेतला. वर्गबाईंनी कबूल केलं की बोलण्याआधी फळ्याकडून वळेन, आणि राग आला तर राग आलाय असं सांगेन. एवढंच. वार्षिक परीक्षा चार महिन्यांवर आहे. घोषणाबाई अजून स्वस्थ बसत नाही आणि मीही नाही.

उठता उठता पोरीनं निरीक्षकांच्या हातातल्या त्या फॉर्मकडे बोट केलं आणि तिच्या त्या सुट्या, स्वच्छ, एका ओळीतल्या आवाजात विचारलं, "हा फाडू?"

आम्ही सगळे थबकलो. खरंच विचारतेय, की गंमत करतेय? आवाजावरून काहीच कळेना. निरीक्षकांना कळेना, मुख्याध्यापकबाईंना कळेना, मला कळेना. सहा कान चांगले असून उपयोग शून्य. शेवटी सगळे वाकून तिच्या तोंडाकडे बघायला लागलो.

ओठाचा डावा कोपरा वर गेलेला होता. तिच्या आजीचा जातो तसा.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा शहाण्णवचा कागद काढला आणि अकरा घरांची दारं वाजवली. प्रत्येक आईला सांगितलं, मी चुकीचं शिकवलं, घरात मोकळं बोला, गा, भांडा, नकला करा. दोघींनी दार लावून घेतलं. त्यांचंही बरोबर आहे. मी परत जाणार आहे.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या वर्गात, दुकानात, जिन्यात, बसमध्ये असं पोर भेटेल, कानामागे यंत्र, केसांत चकती. त्याच्याशी ओरडून बोलू नका, शब्दांचे तुकडे पाडू नका, आवाजाला इस्त्री करू नका. जसं दुसऱ्या पोराशी बोलता तसं भरभरून बोला, टोमणासुद्धा मारा. फक्त बोलण्याआधी त्याच्याकडे वळा, तुमचं तोंड त्याला दिसू द्या. आणि पोरानं काही उलटं केलं तर ‘उद्धट’ म्हणण्याआधी स्वतःला एकदा विचारा, तेव्हा मी कुठे बघत होतो?